जस्ताची लव

माझी थोरली लेक शिझुए हिने त्रेचाळिसाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, ते साल १९९८. नवरा तातामीच्या चटया शिवणारा, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, बोलायला कमी. लग्न म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत कागद देणं आणि दुपारी चौदा माणसांचं जेवण, एवढंच होतं. तरी आहेरात चांगला कोंबू, शुभकार्यात देतात ते वाळवलेलं समुद्री शेवाळ, द्यावा असं मी मनाशी धरलं होतं. बाजारातल्या पुड्यातला नको, जुन्या दुकानातला, रुंद पानाचा, वर समुद्राचं पांढरं मीठ फुटलेला. तो घ्यायला ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी ओसाकातल्या होम्माचीला गेले. दुकान दोन गल्ल्यांवर राहिलं असताना एका जुन्या कचेरीसमोर ट्रक उभा दिसला. इमारत रिकामी होत होती. भिंतीला टेकवून लोखंडी फरश्या रांगेत उभ्या केल्या होत्या, हातभर लांब, हातभर रुंद, पाठ रस्त्याकडे. फरश्या मी लांबूनच ओळखल्या. अठरा वर्षं अशाच फरश्यांवरून पोछा फिरवला होता. उभी राहिले ती पाठीवर पडलेल्या उन्हामुळे. ऊन तिरपं होतं आणि त्या उन्हात फरश्यांची पाठ चकाकत होती, सगळीकडून नाही, बाळाच्या कानावर लव असते तशी बारीक, केसाकेसाने. माझा हात आपोआप पुढे झाला.

"ओ मावशी, लांब. हात नका लावू त्याला."

अंगभर पांढरा कागदी झगा आणि तोंडाला मास्क लावलेला एक माणूस ट्रकमागून आला होता.

"घाण आहे म्हणून?" मी विचारलं.

"घाण असती तर बरं होतं. जस्ताची लव आहे ती. पत्रा गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात ना, त्यातून उगवते. एवढी वाढायला दहा-पंधरा वर्षं लागतात."

"धातूला केस येतात?"

"साहेबांनी सांगितलं तेव्हा मलाही वाटलं, थट्टा करतायत." त्याने झग्याची टोपी मागे सारून टक्कल दाखवलं. "माझे गेले ते इकडे आले बघा."

"मग असू द्यावेत. ते कुणाच्या वाटेत येतात?"

"असू दिले तर काहीच नाही. पण कुणी शहाणा पुसायला गेला की संपलं. तुटतात, फरशीखालच्या वाऱ्यात उडतात आणि वरच्या मशीनच्या पोटात जातात. आत दोन तारांवर एक केस आडवा पडला की फट्. पुढची गंमत म्हणजे शोधायला जाल तर काही सापडत नाही. त्या फट्मध्ये तो स्वतःच जळून जातो. लोक बिचारे महिनोन्महिने एकमेकांची तोंडं बघत बसतात."

हे सगळं तो मलाच का सांगतोय, असा विचार आधी मनात आला. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं की काय. मग वाटलं, कामाच्या कंटाळ्यातला माणूस आहे, समोर उभ्या म्हातारीला सांगतोय. मी मान हलवली आणि चालू लागले. कोंबूच्या दुकानात मालकीणबाई तीन प्रतीचे तुकडे समोर मांडून हुंगायला सांगत होत्या. मी हुंगत होते, पण वास येत नव्हता. उजवा हात सारखा ओच्यात पुसत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "हात भरलाय का? पाणी देऊ?" मी नको म्हटलं. पाण्याने जाणारं नव्हतं, कारण हाताला काही लागलेलंच नव्हतं. हाताला फक्त एका सुती फडक्याची आठवण झाली होती, शोवा एकसष्टच्या, म्हणजे १९८६च्या डिसेंबरातल्या.

तेव्हा मी एका बँकेच्या संगणक केंद्रात सफाईला होते. बँकेचं नाव सांगून उपयोग नाही, ती पुढे दुसऱ्या बँकेत गेली. तिसऱ्या मजल्यावर एकच एक मोठी खोली, खिडक्या नाहीत, बारा महिने एकच थंडी. आत माणसापेक्षा उंच कपाटं ओळीने उभी. बाहेरच्या लोकांना वाटायचं की संगणक म्हणजे पडदा आणि बटणं. आमच्याकडे पडदे होते ते कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर. बाकी सगळं कपाटंच. एकात हिशेब करणाऱ्या पट्ट्या, एकात वीज बारीक करून देणारे डबे, एका रांगेत धुलाईयंत्रासारख्या तबकड्या, एका भिंतीला फिरणाऱ्या फिती. मधल्या मोठ्या कपाटात थंड पाण्याचे नळ जात. तारा मनगटाएवढ्या जाड. त्या दिसत नसत, कारण जमीन खरी जमीन नव्हती. खऱ्या जमिनीपासून गुडघाभर उंचीवर खुंट्या उभ्या करून त्यांवर या लोखंडी फरश्या मांडलेल्या, आणि मधल्या पोकळीतून तारा, पाणी आणि वारा. पश्चिमेच्या भिंतीकडची यंत्रं थंड वारा खाली सोडत, तो भोकांच्या फरश्यांतून आणि कपाटांच्या बुडातून वर येई. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की एखादं जनावर खाली झोपलंय आणि आम्ही त्याच्या अंगावरून चालतोय.

मला वाचता येत नव्हतं. गोतोच्या बेटांवर आम्ही सहा भावंडं, मी मोठी. शाळेच्या वयात पाठीला कायम कुणीतरी बांधलेलं होतं. नंतर लढाई, नंतर ओसाका, नंतर लाज. फरश्यांच्या जागा सांगायला भिंतींवर अक्षरं आणि आकडे रंगवलेले होते, पण माझ्या ते कामाचं नव्हतं. मी फरश्यांना नावं ठेवली होती. एक चालताना डुगडुगायची, ती लंगडी. एकीवर कुणाच्या तरी सिगरेटचा डाग, ती विधवा. भोकांची दारापाशी होती ती चाळण. एक नवीन बसवलेली, रंग थोडा उजळ, ती सूनबाई. डोळे मिटून मी सांगू शकले असते की सूनबाईच्या पलीकडे तिसरी कोण. आमच्या मुकादम उसुईबाई म्हणायच्या, "तोमे, तू फरशीशी बोलतेस तेवढी माझ्याशी बोलली असतीस तर तुझी बढती झाली असती."

वरून कोरडा पोछा मारायचा, पाणी नाही, केरसुणी नाही आणि फरशी उचलायची नाही, एवढा नियम होता. पण त्या वर्षी एकतीस डिसेंबरला दुपारी मशीन बंद झालं. सुट्टीचे चार दिवस, वारासुद्धा थांबवलेला. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. वर्षअखेरीची मोठी सफाई माझ्या एकटीकडे होती. उत्तरेच्या भिंतीपाशी तारा ओढणाऱ्यांनी एक फरशी काढून उलटी ठेवली होती आणि तशीच विसरून ते घरी गेले होते. तिच्या पाठीवर मला करडी लव दिसली. मला ती बुरशी वाटली. जुनी घाण नव्या वर्षात न्यायची नसते. आमच्या घरात चूल, मोरी, देवघराची फळी, सगळं त्या दिवशी पुसलं जायचं, आणि इथे बारा वर्षं मी वरवर पोछा मारत होते आणि खाली हे. मला स्वतःचीच शरम वाटली. रबरी वाट्यांचं उचलायचं हत्यार भिंतीला टांगलेलं होतं. एकेक फरशी उचलली, उलटी केली, पुसली, बसवली. चौदाच्या सहा रांगा. बाहेर पहारेकरी रेडिओवर गाणी ऐकत होता. संध्याकाळपर्यंत कंबर मोडली, पण घरी जाताना मला वाटलं की या इमारतीत खरं काम आज झालं. नियम मोडला होता म्हणून कुणाला बोलले नाही.

मशीन सुरू होऊन तिसऱ्या दिवशी पहिलं कपाट बंद पडलं. वीज देणारा एक डबा मेला. हायामीसाहेबांनी तो काढला, तपासला, तर डबा ठणठणीत. दोन दिवसांनी दुसरा. मग शेजारच्या कपाटातला. हायामी कुनिहिको हे मशीन बनवणाऱ्या कंपनीचे आमच्याकडे नेमलेले इंजिनिअर. पन्नाशीचे, बारीक, हातांची बोटं बाईसारखी लांब. त्यांच्या हाताखाली कुसाका नावाचा तरुण इंजिनिअर होता, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. दोघं जुने भाग काढायचे, नवे घालायचे, काढलेले तपासायचे, आणि काढलेल्यात कधीच काही निघायचं नाही. बँकेच्या शाखांत लोक खिडकीसमोर ताटकळत. विभागप्रमुख रोज सकाळी खाली येऊन हायामीसाहेबांसमोर हाताची घडी घालून उभे राहत. यंत्रात दोष नाही म्हटल्यावर दोष माणसात शोधायला सुरुवात झाली. कुलपं बदलली. दारावर वही आली. उसुईबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तोमे, आता बघ. मोठ्या माणसांचं कोडं सुटलं नाही की पहिला संशय झाडूवर येतो. काही बघितलं असशील तर आधीच सांगून मोकळी हो."

मी बघितलं होतं. एका दुपारी हायामीसाहेब एकटेच पाचव्या कपाटामागे गुडघ्यांवर बसले होते. हात आत, खांद्यापर्यंत. डोळे मिटलेले. मग त्यांनी हात काढला, बोटाला काहीतरी चिकटलेलं पारदर्शक होतं, ते जपून घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं. मी चाळणीपाशी पोछा घेऊन उभी होते. त्यांनी मला पाहिलं नाही. मला वाटलं, हाच. स्वतःच बिघडवतो, स्वतःच दुरुस्त करतो, म्हणजे याची किंमत वाढते. घरी शिझुएला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुला सगळ्यांचाच संशय येतो. माझ्या नवऱ्याचाही आला होता." तो नवरा दोन वर्षांनी निघून गेला, म्हणजे माझा संशय काही अगदीच आंधळा नव्हता. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

विभागप्रमुखांनी फेब्रुवारीत सगळ्यांना सांगितलं की जे पाहिलं असेल ते लिहून द्या, नाव बाहेर जाणार नाही. मी आदल्या वर्षापासून रात्रशाळेत जात होते. चोपन्नाव्या वर्षी अ-आ. कामावर कुणाला माहीत नव्हतं, उसुईबाईंनाही नाही. मला येत नाही म्हटलं असतं तर सुटले असते. पण पिशवीत पेन्सिल होती. बाहेरच्या जगात उपयोगी पडेल असं काही मी जन्मात लिहिलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर वही टेकवून लिहिलं. हायामीसाहेब एकटे कपाटात हात घालून होते. आतून काहीतरी काढलं. खिशात घातलं आणि आजूबाजूला पाहिलं. तीन वाक्यं. विभागप्रमुख म्हणाले, "इतकं स्वच्छ कुणीच लिहिलं नाही." हे वाक्य मी घरी नेलं आणि कितीतरी दिवस पुरवून पुरवून खाल्लं. दुसऱ्या दिवशी हायामीसाहेबांचे खिसे तपासले. चिकटपट्टीचे तुकडे निघाले, त्यावर धूळ. ते कुणीतरी कचऱ्यात टाकले. कचरा मीच नेला. मार्चअखेर त्यांची बदली क्युशूला, सुट्या भागांच्या गोदामात झाली. एप्रिलनंतर बिघाड हळूहळू थांबले, आणि सगळे म्हणाले, बघा.

मीही म्हटलं, बघा. कोंबूची पेटी मांडीवर घेऊन घरी येताना मी हा शब्द पुन्हा पुन्हा तपासत होते. तो म्हणताना मला खरंच काही माहीत नव्हतं का? लव पुसली आणि आठवड्यात मशीन आजारी पडलं, हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवायला काही शाळा लागत नाही. की मी ते शेजारी येऊच दिले नव्हते? माणूस दुसऱ्याकडे इतक्या जोराने बोट दाखवतो तेव्हा त्याला आपला हात कुठेतरी लपवायचा असतो का? एकदा वाटायचं, हेच खरं, आणि मग वाटायचं, नाही, हे आता अपराधी वाटतंय म्हणून मी मागचं रंगवतेय. सहासष्टाव्या वर्षी आपल्याच आठवणीवर नजर ठेवून बसणं फार वाईट. शिझुएच्या जेवणाला मी हसले, फोटोत उभी राहिले. जावयाने माझ्या पेल्यात साके ओतली तेव्हा तो माझ्या हाताकडे का बघतोय असं वाटलं. मी पेला वाकडा धरला होता, एवढंच.

उसुईबाईंकडे जगातले सगळे पत्ते असतात. नव्या वर्षाची कार्डं त्या अजून दोनशे पाठवतात. मी फोन केला.

"हायामी? तो खिशाचा?" त्या म्हणाल्या. "क्युशूहून परत आला की, पाच वर्षं झाली. किशिवादाला एकटाच असतो. तुला काय करायचंय आता त्याचं?"

"सहज."

"तोमे, तू आयुष्यात सहज काही केलेलं नाहीस. लग्नाचं बघतेस का काय? एक लेक उजवली, आता आईचं?"

"पत्ता द्या."

"देते. पण मला नंतर सांगायचं."

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी मी चेस्टनटच्या वड्यांचा डबा घेऊन गेले. काय सांगायचं ते ठरवलं होतं. चिकटपट्टी बरोबर होती, बिघाड खालून येत होता, तो मी केला होता. हे त्याला कळलंच पाहिजे, मग तो काय वाटेल ते बोलो. दार त्यांनीच उघडलं. फार वाळले होते आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळं उतरलं होतं. मी नाव सांगितलं, बँक सांगितली.

"पोछावाल्या मावशी," ते म्हणाले. "तुम्ही लंगडीवर कधी पाय देत नव्हता."

मी चमकले. "तुम्हाला कसं माहीत, तिचं नाव?"

"पुटपुटायचात की. लंगडी, सूनबाई. कुसाका आणि मी ऐकायचो. आत या."

आत बसल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. एकतीस डिसेंबर, बुरशी, फडकं, चौऱ्याऐंशी फरश्या, आणि होम्माचीच्या झगेवाल्याने सांगितलेली लव. माझी नजर चटईवर होती. सांगून झाल्यावर वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तहानलेल्या माणसाला पाणी दिसावं तसं काहीतरी होतं, आणि मला लगेच शंका आली की हा मला खेळवतोय. पण ते उठले, कपाटातून एक जाड वही आणली, एक मोठा कागद पसरला, आणि पेन्सिलीने खोलीचा नकाशा काढू लागले. भिंती, कपाटं, दार.

"सुरुवात कुठून केली?"

"चाळणीपासून भिंतीकडे."

"चाळण इथे." त्यांनी चौकोन काढला. "मग?"

मी सांगत गेले, ते काढत गेले. विधवा, तिच्या पलीकडची दोन, सूनबाई. अकरा वर्षांत मी त्या खोलीतली एकही फरशी विसरले नव्हते. वहीत तेरा आठवड्यांचे सगळे बिघाड लिहिलेले होते, तारीख, वेळ, कपाट, डबा. ते एकेक वाचून नकाशावर ठिपका देत. वारा पश्चिमेकडून, असं म्हणत त्यांनी बाण काढले. ठिपके बाणांच्या पुढे पुढे पडत गेले. माझ्या रांगा जिथे संपत होत्या तिथून ते सुरू होत होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

"पण पाचवं कपाट," ते म्हणाले. "एकोणीस वेळा. इतरांच्या तिप्पट. हे का, मावशी? तिथे तुमची रांगच नाही."

मी डोळे मिटून त्या खोलीत उभी राहिले. "लंगडी बसवली आणि चहा प्यायला थांबले. त्याआधी फडकं झटकलं."

"कुठे झटकलं?"

"वरची फरशी घाण होऊ नये म्हणून पुढच्या कपाटाखालच्या भोकात वाकून. खाली."

त्यांनी पेन्सिल त्या जागी टेकवली. मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं. "पाचव्याच्या बुडाशी," ते म्हणाले. "एकोणीस वेळा त्याने मला जेवणावरून उठवलंय. गोदामात बसून मी हेच काढत होतो, दरवर्षी नव्या कागदावर. बिघाड खालून येतोय हे कळत होतं. पट्टीवर मी तेच पकडत होतो, पण भिंग लावायच्या आतच गेली."

"माझ्यामुळे झालं सगळं."

"तुम्ही पुसलं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्हालाच माहीत नव्हतं. जस्ताला केस येतात म्हणे." त्यांनी वडी तोंडात टाकली. "कुसाकाला हे सांगितलं असतं तर उड्या मारल्या असत्या त्याने."

"सांगा की मग."

त्यांचा हात थांबला. "त्याच्याशी मी बोलत नाही. ती चिठ्ठी त्याची होती. पट्टीचं फक्त त्याला माहीत होतं. त्याच्या लग्नात मध्यस्थ म्हणून मी बसलो होतो, बायकोला घेऊन, दोघांच्या मध्ये. आणि त्याने माझ्यावर लिहून दिलं. माझी जागा त्यालाच मिळाली. दरवर्षी त्याचं कार्ड येतं. मी वाचत नाही."

खोलीत एक घड्याळ होतं हे मला तेव्हा कळलं. उठायला ती वेळ चांगली होती. जे सांगायला आले ते सांगून झालं होतं. म्हातारा सुखावला होता, त्याचं कोडं सुटलं होतं, आणि माझ्यावर त्याचा संशय कधी गेलाच नव्हता. मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. याला माहीत आहे का? माहीत असून मला वाट मोकळी करून देतोय, की बंद करून? काही दिसलं नाही. दिसला एक आजारी माणूस, जो एका निर्दोष पोराला अकरा वर्षं दारात उभं करत नव्हता.

"चिठ्ठी मी लिहिली," मी म्हटलं.

"तुम्ही?" ते जवळजवळ हसले. "मावशी, तुम्हाला लिहिता येत नव्हतं. दारावरची सूचनासुद्धा पहारेकऱ्याकडून वाचून घ्यायचात."

"रात्रशाळेत जात होते. लपवून."

त्यांनी नकाशाचा कागद उलटा केला आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "काय लिहिलं होतं ते लिहा."

मी लिहिलं. ती वाक्यं मला पाठ होती. आता अक्षर सुधारलं होतं, तरी हाताने तीच जुनी, एकेक रेघ मोजून काढायची चाल धरली. ते वाचत होते. विभागप्रमुखांनी तेव्हा चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात उतरवून त्यांना दाखवली होती, म्हणाले. शब्द तेच आहेत. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. लांब बोट, आता सुकलेलं.

"आजूबाजूला मी पाहिलं नव्हतं."

"नाही."

"डोळे मिटलेले होते माझे. वारा चाचपत होतो. पाहिलं असतं तर तुम्ही दिसला असता."

"हो."

"मग हे?"

"ते मी घातलं," मी म्हटलं. "तिसरं वाक्य तोकडं वाटत होतं. शाळेत बाई म्हणायच्या, वाक्य पुरं करा. आणि..." पुढचं मला माझ्याशीही कधी बोलता आलं नव्हतं. "आणि ते घातल्यावर तुम्ही चोर दिसत होता. तसं दिसायला हवं होतं मला."

"मला त्या ओळीनेच धरलं," ते सावकाश म्हणाले. "विभागप्रमुख म्हणाले, पट्टीचं तुमचं म्हणणं मान्य, पण मग आजूबाजूला का पाहिलंत? मी म्हटलं, नाही पाहिलं. ते म्हणाले, बघणाऱ्याने लिहिलंय." त्यांनी कागदाची घडी केली, एकदा, दोनदा. "फरशीचं मी धरत नाही. ते कुणीही केलं असतं."

बाकीचं ते बोलले नाहीत. चहा गार झाला होता. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी मान हलवली नाही. दारापर्यंत आले नाहीत. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं, आणि पायऱ्या उतरताना आतून काही आवाज येतो का म्हणून थांबले. काही आला नाही. नवीन वर्षाला मी कार्ड पाठवलं, उत्तर आलं नाही. उसुईबाईंनी फोनवर तीनदा विचारलं, "काय झालं तिथे?" मी सांगितलं, चहा झाला. त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि त्या माझ्यावर संशय घेतायत हे मला बरं वाटलं. कुणीतरी घ्यायला हवा होता.

मग फेब्रुवारीच्या शेवटी एक कार्ड आलं. अक्षर ओळखीचं नव्हतं, खाली नाव कुसाकाचं. त्यात लिहिलं होतं की डिसेंबरच्या मध्यावर हायामीसाहेबांनी त्याला फोन करून बोलावलं, तेव्हापासून तो आणि त्याची बायको आळीपाळीने इस्पितळात बसत होते, आणि माझा पत्ता साहेबांनी स्वतः सांगून उतरवून घ्यायला लावला. माझ्याबद्दल आणखी काही म्हणाले का, ते लिहिलेलं नव्हतं. मी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं.

हायामी कुनिहिको १९ फेब्रुवारी १९९९ रोजी, शुक्रवारी सकाळी, किशिवादाच्या इस्पितळात यकृताच्या आजाराने वारले. वय त्रेसष्ट. शेजारी कुसाका होता.